बर्नी ब्रेडी बिलाच्या विरोधात आणि रिपब्लिकन गव्हर्नर बंदूक कायद्याच्या बाजूने? व्हरमाँटचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हरमाँट म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात डाव्या राज्यांपैकी एक, डावे म्हणून गाजलेले सेनेटर बर्नी सँडर्स तिथले, मग याच बर्नींनी नव्वदच्या दशकात बंदूक नियंत्रणाच्या ब्रेडी बिलाला विरोध का केला, आणि जिथे कमरेला पिस्तूल लावून फिरायला परवानाच लागत नाही त्या राज्यात २०१८ साली एका रिपब्लिकन गव्हर्नरने बंदुकांवर निर्बंध आणणारे तीन कायदे सही करून कसे काय आणले. विचारणाऱ्यांचा भाचा बर्लिंग्टनला शिकायला आलाय, त्याला मित्र रेंजवर चल म्हणतायत, ते चालतं का हाही एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर शेवटी देते.

मी इथं बरीच वर्षं वकिली करते, काम जास्त करून फॅमिली कोर्टातलं आणि थोडं क्रिमिनल, त्यामुळे बंदुकीचे कायदे मला टीव्हीवरच्या चर्चेत नाही तर फाइलीत भेटतात. मधूनमधून राजधानी माँटपिलियरला विधिमंडळाच्या कमिटीसमोर बोलायला जाणं होतं, राजकारणाशी संबंध तेवढाच. पण एवढ्यावरही ठामपणे सांगते की इथल्या पुढाऱ्याची बंदुकीवरची भूमिका पक्षावरून ओळखायला गेलात की फसलात. वर्षानुवर्षं इथल्या डाव्या, उजव्या, मधल्या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की आमच्याकडे बंदुका घरोघरी आहेत आणि खून जवळपास नाहीत, म्हणजे भानगड आमची नाही, न्यूयॉर्क-शिकागोवाल्यांची आहे, त्यांनी बघावं. बर्नी असोत, माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन असोत नाहीतर पीटर शमलिन असोत, सगळे हेच वाक्य आपापल्या पद्धतीने बोलत होते. २०१८ च्या फेब्रुवारीत ते वाक्य बोलणं अवघड झालं. सगळी गोष्ट खरं तर एवढीच आहे, पण नुसतं एवढं सांगून पटणार नाही म्हणून जरा मागून सांगते.

राज्य केवढं, तर २०२० च्या जनगणनेत ६ लाख ४३ हजार माणसं. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी वस्ती डोंगरात विखुरलेली. त्यातली साधारण चौथा हिस्सा एकट्या चिटेंडन काउंटीत, म्हणजे बर्लिंग्टन आणि आसपास, बाकी सगळी छोटी छोटी गावं, दुधाचे फार्म, मेपलची जंगलं. १७७७ सालच्या राज्यघटनेतच स्वतःच्या आणि राज्याच्या संरक्षणासाठी शस्त्र बाळगायचा हक्क लिहिलाय, म्हणजे अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीच्याही आधीपासून, तेव्हा तर व्हरमाँट अमेरिकेत सामीलही झालेलं नव्हतं, ते १७९१ ला झालं. मग १९०३ ची रोझेंथाल केस. रटलंड शहराने नियम केला होता की लपवून शस्त्र बाळगायचं तर मेयर नाहीतर पोलीस चीफची लेखी परवानगी पाहिजे, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो नियमच उडवला. तेव्हापासून आजपर्यंत इथे कॅरी परमिट नावाचा प्रकारच नाही. आज अमेरिकेतली अर्ध्याहून जास्त राज्यं विनापरवाना कॅरी करू देतात, पण कित्येक वर्षं या पद्धतीला नावच व्हरमाँट कॅरी असं होतं. त्यात ऐंशीच्या दशकात आणखी एक कायदा झाला की गावांनी-शहरांनी बंदुकीचे स्वतःचे वेगळे नियम करायचे नाहीत, जे काय करायचं ते राज्य करेल. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे बर्लिंग्टनच्या बारमधे परत येणार आहे.

आणि नोव्हेंबर. हरणाच्या शिकारीचा रायफल सीझन सोळा दिवसांचा असतो, त्यातला पहिला शनिवार म्हणजे काय असतो हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. कोर्टातली तारीख त्या सोमवारी लावायची म्हटलं की समोरचा वकीलच डायरीत बघून तोंड वाकडं करतो. आजोबा, बाप, नातू असे तीन-तीन पिढ्यांचे लोक जंगलातल्या लाकडी कॅम्पवर जाऊन राहतात, मिळालेलं हरीण फ्रीझरमधे जातं आणि हिवाळाभर तेच जेवणात असतं. त्यामुळे बंदूक म्हटल्यावर इथल्या माणसाच्या डोळ्यासमोर आधी आजोबांची रायफल येते, आणि पुढारी बोलतो तो या माणसाशी बोलतो.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. इथल्या विधिमंडळाच्या हाउसमधे, म्हणजे खालच्या सभागृहात, १५० मेंबर आहेत, सेनेटमधे ३०. म्हणजे हाउसच्या एका मेंबरमागे चार-साडेचार हजार माणसं. आमदार कसला, ग्रामपंचायत सदस्यच म्हणा. त्यांना स्वतंत्र ऑफिस नाही, पीए नाही, स्टेटहाउसच्या कॅफेटेरियात टेबलाशी बसून सूप पीत पीत निम्मा कारभार चालतो, लॉबिस्ट, रिपोर्टर आणि मतदार सगळे तिथेच. शनिवारी हाच मेंबर गावच्या कचरा डेपोवर कचरा टाकायला येतो, तिथे त्याला रांगेतला माणूस गाठून विचारतो की काय रे, माझ्या रायफलला हात लावणारेस का. आता यात पक्ष कुठे आला? बर्लिंग्टनच्या डेमोक्रॅटला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कॅनडाच्या बॉर्डरलगतच्या डेमोक्रॅटला दर शनिवारी विचारतात.

आता बर्नी. १९८८ ला ते पहिल्यांदा काँग्रेससाठी अपक्ष उभे राहिले, तिरंगी लढत झाली, रिपब्लिकन पीटर स्मिथ जिंकले, बर्नी थोडक्यात दुसरे आले आणि डेमोक्रॅट तिसरा. स्मिथना शिकारीवाल्यांनी आपला माणूस म्हणून मतं दिली होती. निवडून गेल्यावर मात्र स्मिथ यांनी असॉल्ट वेपनवर, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर, बंदी आणणाऱ्या बिलाला पाठिंबा दिला आणि इथे आग लागली. एनआरए, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकवाल्यांची बडी संघटना, १९९० ला हात धुऊन स्मिथच्या मागे लागली आणि बर्नी ५६ टक्के मतं घेऊन निवडून आले. गंमत बघा, बर्नी तेव्हाही असॉल्ट वेपनवरच्या बंदीच्या बाजूनेच होते, त्यांनी ते लपवलेलंही नव्हतं. पण शिकारीवाल्यांना राग बंदीपेक्षा शब्द फिरवल्याचा होता, आणि बर्नींनी एक गोष्ट कबूल केली होती, की बंदूक विकत घेताना थांबायचा काळ ठेवायचा की नाही हे राज्याने ठरवावं, वॉशिंग्टनने नाही.

ब्रेडी बिल म्हणजे नेमकं तेच होतं. हँडगन घ्यायची तर पाच दिवस थांबा आणि तोवर पोलीस तुमचं रेकॉर्ड तपासणार, देशभर सगळीकडे. बर्नी दिल्या शब्दाला धरून राहिले आणि १९९१ ते १९९३ मधे या बिलाच्या वेगवेगळ्या रूपांना नाही म्हणाले. आणि १९९४ ला असॉल्ट वेपन बंदीला हो म्हणाले. बाहेरून बघणाऱ्याला हे दोन्ही डगरींवर हात वाटतं, पण व्हरमाँटमधून बघितलं तर सरळ आहे, साध्या माणसाच्या बंदूक खरेदीत वॉशिंग्टनने पडू नये, पण युद्धातल्यासारखी बंदूक हवी कशाला. २००५ ला त्यांनी बंदूक कंपन्यांना आणि दुकानदारांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिलं, कारण काय दिलं तर गावातल्या छोट्या दुकानदाराने सगळं कायदेशीर करून विकलेल्या बंदुकीने दुसऱ्या कोणी गुन्हा केला तर त्या दुकानदाराला का धरायचं. हे मत त्यांना पुढे दहा वर्षांनी महागात पडलं. २०१५ च्या ऑक्टोबरमधल्या डिबेटमधे हिलरी क्लिंटन यांनी त्यांना नेमकं इथेच पकडलं, बर्नींनी ग्रामीण राज्यातून येतो वगैरे सांगून बघितलं, पण देशभरच्या डेमोक्रॅट मतदाराला इथल्या खेड्यातलं हरीण काय माहीत, शेवटी २०१६ च्या जानेवारीत त्यांनी तो कायदा बदलायच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. त्याआधी २०१३ ला, सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, सेनेटमधे त्यांनी बॅकग्राउंड चेक, म्हणजे बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याचं रेकॉर्ड तपासणं, वाढवण्याला आणि असॉल्ट वेपन बंदीला दोन्हीला हो म्हटलंच होतं. माझं मत विचाराल तर बर्नींचे विचार कमी बदलले आणि मतदार जास्त बदलला, आधी राज्याचा मतदार होता, मग देशाचा झाला. २००५ चं मत मात्र मला आजही पटत नाही. छोटा दुकानदार हा बहाणा होता असं मी म्हणणार नाही, पण त्या कायद्याच्या सावलीत बसल्या मोठ्या कंपन्या, हे त्यांनाही तेव्हा दिसत असणार.

हॉवर्ड डीन यांचं आणखी सोपं. १९९१ ते २००३ गव्हर्नर, डेमोक्रॅट, पेशाने डॉक्टर, आणि एनआरएकडून ए ग्रेड. २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले तेव्हा त्यांचं धोरण होतं की फेडरल, म्हणजे केंद्राच्या, पातळीवर आहेत तेवढे कायदे ठेवा, असॉल्ट वेपन बंदीसुद्धा ठेवा, पण त्याच्यापुढे ज्या राज्याला जे हवं ते त्याने करावं, कॅलिफोर्नियाला लागतं ते व्हरमाँटला लागेलच असं नाही. इराक युद्धाला विरोध करणारा म्हणून ज्या डाव्या पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं त्यातल्या कितीजणांना हा ए ग्रेड माहीत होता देव जाणे.

शमलिन २०११ ते २०१७. तेही डेमोक्रॅट. सँडी हूकनंतर त्यांनी भूमिका घेतली की एकट्या व्हरमाँटने कायदा करून उपयोग नाही, पन्नासही राज्यांना मिळून उपाय काढावा लागेल. ही सगळ्यात सोयीची भूमिका, कारण पन्नास राज्यं कधी एकत्र येतात? त्याच वेळी, २०१३ च्या जानेवारीत, बर्लिंग्टनचे सेनेटर फिल बरूथ, तेव्हा सेनेटमधले बहुमतवाल्यांचे नेते, त्यांनी असॉल्ट वेपन बंदीचं बिल आणलं आणि काही दिवसांत स्वतःच मागे घेतलं, स्वतःच्याच पक्षातून पाठिंबा नव्हता. २०१५ ला परत प्रयत्न झाला, खाजगी विक्रीलाही बॅकग्राउंड चेक हवा असं बिल आलं, स्टेटहाउसच्या जिन्यावर, कॉरिडॉरमधे शिकारीचे भगभगीत केशरी जॅकेट घातलेले लोक नुसते उभे राहायचे, बहुतेक वेळा गप्प, पण मेंबरांना त्या गर्दीतून वाट काढतच कमिटी रूममधे जावं लागायचं. बॅकग्राउंड चेकचा भाग गळाला. उरलं ते एवढंच, की हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने बंदूक बाळगली तर आता राज्याच्या कायद्यानेही गुन्हा, आणि कोर्टाने मानसिक आजारामुळे धोकादायक ठरवलेल्यांची नावं फेडरल यादीत पाठवायची. शमलिन आधी नव्या कायद्याची गरज नाही म्हणत होते, मग सही केली. बाहेर कोणाला ही बातमीसुद्धा वाटली नाही, पण आमच्या कामात याचा फरक पडला, कारण त्याआधी असा माणूस बंदुकीसह सापडला तर राज्याचा सरकारी वकील हात चोळत बसायचा, फेडरल ऑफिसने केस घेतली तर घेतली.

२०१६ च्या गव्हर्नर निवडणुकीत हा विषय उघड आला. डेमोक्रॅट सू मिंटर बॅकग्राउंड चेकच्या बाजूने, असॉल्ट वेपन बंदीच्याही बाजूने, आणि रिपब्लिकन फिल स्कॉट म्हणत होते आहेत ते कायदे पुरेत. ज्या राज्याने त्याच दिवशी हिलरींना भरघोस मतं दिली त्याच राज्याने गव्हर्नर म्हणून स्कॉटना निवडलं. स्कॉट हे गृहस्थ बांधकाम व्यवसायातले, बॅरीच्या थंडर रोड ट्रॅकवर स्टॉक कार रेसिंग करणारे, अजूनही करतात, गावातल्या माणसाला हा आपला वाटतो. हे बारीकसारीक वाटेल पण पुढे जे त्यांनी केलं ते दुसऱ्या कोणाला पचलं नसतं.

१४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाला, १७ जण गेले. लगेच इथे विचारणा झाली तेव्हा स्कॉट यांचं उत्तर नेहमीचंच होतं. आणि लगेच दुसऱ्या दिवशी रटलंडजवळच्या फेअर हेवन गावात १८ वर्षांच्या एका मुलाला पोलिसांनी पकडलं, तिथल्या हायस्कूलवर हल्ला करायचा त्याचा बेत होता, डायरीत सगळं लिहिलेलं, शॉटगन कायदेशीर विकत घेतलेली. न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच्या ओळखीच्या एका मुलीने पोलिसांना सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर कळलंच नसतं. स्कॉट यांनी पोलिसांचं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि जाहीरपणे सांगितलं की मी हादरलोय, आपल्याकडे होणार नाही हे म्हणण्यात आता अर्थ नाही. काही दिवसांत त्यांनी बंदुकीच्या कायद्यासाठी यादीच मांडली.

लोक म्हणतात स्कॉट बदलले, मला वाटतं ते आधी जे बोलत होते तेच सरळ पुढे नेलं त्यांनी. आमच्याकडे धोका नाही म्हणून कायदा नको, असं म्हणत होते ना, मग धोका आमच्याच गावात, आमच्याच शाळेतून शिकून गेलेल्या पोराच्या डायरीत सापडला, तर त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपोआप उलटतो. ज्यांचा विरोध तत्त्वाचा होता, की हक्क म्हणजे हक्क, धोका असो नसो, ते हलले नाहीत. ज्यांचा विरोध आम्ही सुरक्षित आहोत या भरवशावर होता ते हलले. त्या दोन महिन्यांत कोण कुठल्या जातीचा विरोधक होता ते एकदम उघडं पडलं.

आणि वेळ कशी, त्याच एप्रिलमधे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्या मुलाच्या केसमधे निकाल दिला की नुसती तयारी म्हणजे गुन्ह्याचा प्रयत्न नव्हे, त्यामुळे मोठे आरोप टिकले नाहीत. वकील म्हणून सांगते, निकाल कायद्याला धरूनच होता, इथला प्रयत्नाबद्दलचा जुना कायदा तसाच आहे. पण जनतेला तो ऐकून घाम फुटला.

११ एप्रिल २०१८ ला स्कॉट यांनी स्टेटहाउसच्या पायऱ्यांवर उघड्यावर सही केली, आत केबिनमधे नाही. समोर एका बाजूला टाळ्या आणि दुसऱ्या बाजूला केशरी जॅकेटवाले गद्दार गद्दार ओरडतायत, त्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना मत दिलेलं. कायदे तीन होते. पहिल्यात खाजगी विक्रीलाही दुकानदारामार्फत बॅकग्राउंड चेक, जवळच्या नातेवाइकांना सूट, २१ वर्षाखालच्यांना विक्री बंद पण शिकारीचा सेफ्टी कोर्स केला असेल तर चालेल, मॅगझिनला मर्यादा, रायफलला १० गोळ्या आणि हँडगनला १५, आणि बंप स्टॉकवर, म्हणजे रायफलमधून झपाट्याने गोळ्या झाडता येतात अशा जोडावर, बंदी. दुसऱ्याने कोर्टाला धोकादायक माणसाकडून काही काळ बंदुका काढून घेता येतात. तिसऱ्याने घरगुती हिंसेत अटक करताना पोलिसांना तिथल्या बंदुका ताब्यात घेता येतात. नीट बघितलंत तर पहिल्या कायद्यातली प्रत्येक सूट शिकारी कुटुंब डोळ्यासमोर ठेवून घातलीय, आजोबा नातवाला रायफल देणार, १६ वर्षाचा पोरगा कोर्स करणार. तरीसुद्धा सेनेटमधे तो १७ विरुद्ध १३ एवढ्यावरच निघाला, आणि सेनेट डेमोक्रॅटांच्या ताब्यात असताना. मॅगझिनची मर्यादा सगळ्यात जास्त झोंबली. सहीच्या आधी निदर्शनात हजारावर मोठी मॅगझिनं फुकट वाटली गेली, कारण आधीपासून जवळ असलेलं ठेवायला परवानगी होती. अंमलबजावणीचं म्हणाल तर मॅगझिनवर खरेदीची तारीख नसते, आता कोणाचं कधीचं कसं ठरवायचं. २०२१ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ही मर्यादा घटनेला धरून आहे असा निकाल दिला तो भाग वेगळा.

विरोध करणाऱ्यांत सेनेटर जॉन रॉजर्स होते, नॉर्थईस्ट किंगडम म्हणतात त्या राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ग्लोव्हर गावचे, फार्मवाले, आणि तेव्हा डेमोक्रॅट. इतके चिडले की त्याच वर्षी गव्हर्नरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, राइट-इन म्हणून उतरले, म्हणजे बॅलटवर नाव नसताना मतदाराने हाताने नाव लिहायचं. जमलं नाही. पुढे पक्ष बदलून रिपब्लिकन झाले आणि २०२४ ला लेफ्टनंट गव्हर्नरची निवडणूक लढवून डाव्या डेव्हिड झुकरमन यांना पाडलं. म्हणजे बघा, कायदा आणणारा रिपब्लिकन गव्हर्नर आणि त्याच कायद्याला डेमोक्रॅट असताना विरोध केलेला लेफ्टनंट गव्हर्नर आज शेजारी शेजारी बसतात आणि कोणाला त्यात विचित्र वाटत नाही. स्कॉट यांना २०१८ च्या रिपब्लिकन प्रायमरीत थोडा फटका बसला, पण नंतर दर निवडणुकीला मतं वाढतच गेली, २०२२ आणि २०२४ ला ७० टक्क्यांच्या वर.

पण म्हणून स्कॉट बंदूकविरोधी झाले असं समजू नका. २०१९ ला विधिमंडळाने हँडगनसाठी २४ तास थांबायचा कायदा केला, त्यांनी व्हेटो केला. २०२२ ला एक बिल व्हेटो केलं, मग त्यातली तडजोड झाल्यावर हॉस्पिटलमधे बंदूक न्यायला बंदीवर सही केली. २०२३ ला ७२ तास थांबायचा, घरात बंदूक कुलपात ठेवायचा कायदा आला, त्यावर सही केली नाही आणि व्हेटोही केला नाही, तसाच होऊ दिला. २०२४ ला सिरियल नंबर नसलेल्या घरगुती बंदुका आणि मतदान केंद्रावर शस्त्र बंदी, त्याचंही तेच. आपल्याकडे निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदूक पोलीस स्टेशनला जमा करायला लावतात, इथे मतदान केंद्रात नेऊ नका एवढं म्हणायला २०२४ उजाडलं. सही न करता जाऊ देणं हा इथल्या पुढाऱ्यांचा आवडता मधला रस्ता आहे, कायदाही झाला आणि मी सही केली नाही हेही सांगता येतं.

त्या ७२ तासांबद्दल थोडं थांबून बोलते, कारण खरा वाद इथे आहे आणि देशाच्या चर्चेत तो येतच नाही. व्हरमाँटमधे बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले दहातले आठाहून जास्त आत्महत्या आहेत. जास्त करून पुरुष, बरेचसे गावाकडचे. म्हणजे आमच्याकडे भानगड नाही हे वाक्य कधीच खरं नव्हतं, फक्त भानगड घराच्या आत होती म्हणून कोणी मोजत नव्हतं. २०२३ च्या कायद्याच्या मागे हीच माणसं होती, डॉक्टर, ज्यांच्या घरात असं घडलंय ते पालक. स्कॉट यांची शंका घटनेबद्दलची होती, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर प्रत्येक बंदूक कायद्याला इतिहासात आधार दाखवावा लागतो. शिकारी क्लबांच्या संघटनेने केस केली, जुलै २०२४ मधे फेडरल जज विल्यम सेशन्स यांनी स्थगिती नाकारली. विरोधकांचा एक मुद्दा मला मान्य आहे, ज्याच्या घरी आधीच पाच रायफली आहेत त्याला सहावीसाठी तीन दिवस थांबवून काय मिळतं. पण पहिली बंदूक घ्यायला त्याच रात्री दुकानात जाणारा माणूसही असतो, आणि त्याच्यासाठी तीन दिवस खूप असतात.

कोर्टात हे कसं दिसतं ते सांगते. घरगुती हिंसेच्या ऑर्डरची सुनावणी असते, जज नवऱ्याला विचारतात बंदुका किती, तो बोटं मोजायला लागतो, वडिलांची एक, सासऱ्यांनी दिलेली एक, पोराच्या नावाची एक, आणि यादी पानभर होते. बायकोकडे बघितलं तर ती मान हलवून सांगते, कोठारातली राहिली. मग प्रश्न, ठेवायच्या कुठे. पोलीस ठेवतील, नाहीतर लायसन्सवाला दुकानदार भाडं घेऊन ठेवेल, नाहीतर कोर्टाने मान्य केलेली तिसरी व्यक्ती, ही सोय २०१४ च्या कायद्याने केली. तो म्हणतो माझा भाऊ ठेवेल. भाऊ कुठे राहतो? त्याच कच्च्या रस्त्यावर पलीकडच्या घरात. यावर अर्धा तास जातो. आणि खरं सांगते, यात भांडण बंदूक या वस्तूवर फार कमी वेळा असतं, नवऱ्याचं म्हणणं असतं सीझनच्या आत परत मिळतील ना. सहा महिन्यांपर्यंतची जी धोक्याची ऑर्डर असते ती आधी फक्त सरकारी वकीलच मागू शकत होते, २०२३ पासून घरातली माणसंही मागू शकतात. या बदलाला गावाकडच्या मेंबरांचा विरोध होता, घरच्या भांडणात कोणीही कोणावरही उठून अर्ज करेल म्हणून. ती भीती अगदीच खोटी नाही, पण सुनावणी होतेच, जज काय नुसत्या अर्जावर सहा महिने देत नाहीत.

आता बर्लिंग्टनचे बार. बारमधे बंदूक नको, यावर बर्लिंग्टनच्या मतदारांनी २०१४ ला हो म्हटलं आणि २०२५ ला परत, प्रचंड बहुमताने. पण शहराला स्वतःहून हे करता येत नाही, चार्टर, म्हणजे शहराची सनद, त्यातला बदल विधिमंडळाने आणि गव्हर्नरने मान्य करावा लागतो. २०१४ चा तसाच धूळ खात पडला. गावाकडच्यांचा युक्तिवाद असा की एका शहराला सूट दिली की प्रत्येक गावाचा नियम वेगळा, गाडीत रायफल घेऊन जाणाऱ्याने काय दर पाच मैलाला नियम वाचायचे. आणि शहरवाले म्हणतात जे तुम्ही नव्वदच्या दशकात वॉशिंग्टनला सांगत होता, की आमचं आम्हाला ठरवू द्या, तेच आम्ही तुम्हाला सांगतोय. बर्नी आणि डीन यांचाच जुना मुद्दा आहे हा, फक्त एक पायरी खाली आलाय. मला शहरवाल्यांचं पटतं, बार म्हणजे काही हरणाचं जंगल नाही. पण अकराव्या वर्षीसुद्धा परत मतदान घ्यावं लागलं यावरून ग्रामीण मेंबरांचं वजन किती आहे ते कळतं.

त्यामुळे व्हरमाँटचा कुठलाही पुढारी बंदुकीवर काही बोलला की मी तीन गोष्टी बघते, तो कोणाच्या मतावर उभा आहे, गाव, राज्य की देश, बिलात शिकारीच्या बंदुकीला हात लागतोय का, आणि तो विरोध हक्काच्या नावाने करतोय की आमच्याकडे गरज नाही या नावाने. पक्ष चौथ्या नंबरला.

राहिला भाचा. व्हरमाँटमधे परवाना लागत नाही हे मित्रांनी सांगितलं असणार आणि ते खरंही आहे, पण त्याच्यासाठी अपुरं आहे. तो स्टुडंट व्हिसावर आहे, आणि फेडरल कायद्याने एफ-वन, एच-वन-बी अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, काही अपवाद सोडून. रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणं हेसुद्धा त्यात येऊ शकतं, आणि शिक्षेपेक्षा व्हिसाचं नुकसान मोठं. सगळ्यात सोपा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. इथे पहिल्यांदा ते काढायला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो उन्हाळ्यातच करून टाक म्हणावं, नोव्हेंबर तोंडावर आला की जागा मिळत नाहीत. लायसन्स हातात येईपर्यंत रेंजवर बघायला जा, हात लावू नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आणि व्हिसाच्या बाबतीत काही वेगळं असेल तर युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारा, मित्रांना नाही.